तारांगण पाहायला जाताना: तिकिटापासून गच्चीपर्यंत

तारांगणातून बाहेर पडलेल्या माणसाला "कसं वाटलं?" असं विचारा. बऱ्याचदा उत्तर येतं, "छान होतं, आत गारेगार होतं, मध्ये जरा डोळा लागला." त्याला हसण्यात अर्थ नाही. मऊ खुर्ची मागे कललेली, अंधार आणि कुणीतरी हळू आवाजात बोलतंय, अशात कुणालाही झोप येईल. पहिल्या खेपेला मीही झोपलो होतो. नंतर बऱ्याच खेपा झाल्या तेव्हा लक्षात आलं की तारांगण म्हणजे आकाशाची रंगीत तालीम आहे. खरा प्रयोग त्याच रात्री गच्चीवर असतो, आणि तिथे एखादं नक्षत्र स्वतःचं स्वतःला ओळखता आलं की तिकीट वसूल. पुढचं सगळं त्या हिशेबाने लिहिलं आहे.

खेळ कोणता पाहायचा

तारांगणांत साधारण दोन तऱ्हेचे खेळ होतात. एक म्हणजे आधीपासून तयार केलेली, संपूर्ण घुमटभर दिसणारी फिल्म. कृष्णविवरं, सूर्यमालेची सफर, अंतराळवीरांच्या मोहिमा असे तिचे विषय असतात. दुसरा म्हणजे निवेदक समोर उभा राहून आज रात्रीचं आकाश दाखवतो तो. पहिल्यांदाच जाणार असाल तर डोळे मिटून दुसरा निवडा. फिल्म देखणी असते, पण ती मनात सिनेमासारखी उरते. निवेदक मात्र "आता वर बघा, हा लालसर ठिपका" म्हणतो, बाण दाखवतो, थांबतो, पुन्हा तिथेच आणतो.

जाहिरातीवरून हा फरक कळतोच असं नाही. म्हणून फोन करून सरळ दोन प्रश्न विचारायचे: आज रात्रीचं आकाश दाखवता का, आणि निवेदन प्रत्यक्ष असतं की ध्वनिमुद्रित? काही ठिकाणी फिल्मच्या आधी किंवा नंतर दहा-पंधरा मिनिटं आकाश दाखवतात, तेवढंही पुरतं. तिसरा प्रश्न भाषेचा. अंधारात हातात वाचायला काही नसतं आणि नजर सतत वर असते, त्यामुळे ऐकून चटकन समजेल त्याच भाषेतला खेळ घ्या. "चालेल, कळतं थोडंफार" असं म्हणून भलत्याच भाषेतल्या खेळाला बसलेली मंडळी दहाव्या मिनिटाला घोरताना मी पाहिली आहेत.

फोनवरच साप्ताहिक सुट्टी आणि दुरुस्तीसाठी खेळ बंद आहेत का तेही विचारून घ्या. प्रक्षेपक, म्हणजे घुमटावर तारे उमटवणारा प्रोजेक्टर, हे नाजूक यंत्र असतं आणि त्याची देखभाल करताना सगळं तारांगण थांबतं.

तारीख आणि वेळ

आतल्या आकाशाला चंद्राची कला लागू होत नाही, बाहेरच्याला होते. रात्री तारे ओळखायचे असतील तर अमावास्येच्या आगेमागे जा. तारांगणाच्या आवारात दुर्बिणीतून आकाशदर्शन ठेवलेलं असेल तर शुक्ल अष्टमीच्या आसपासचा दिवस गाठा. तेव्हा चंद्र अर्धा असतो आणि प्रकाश-अंधाराच्या सीमारेषेवर विवरांच्या लांब सावल्या पडलेल्या असतात. पौर्णिमेचा चंद्र दुर्बिणीतून सपाट दिसतो, कारण ऊन समोरून पडल्यामुळे सावल्याच नसतात.

दिवसातला शेवटचा खेळ मिळाला तर उत्तम. बाहेर पडेपर्यंत अंधार झालेला असतो आणि शिकलेलं ताजं असतं. सकाळच्या खेळांना शाळांच्या सहली असतात. मुलांचा "ओऽऽ" असा एकसुरी आवाज ऐकायचा असेल तर जरूर जा, तो आवाज मला आवडतो. पण निवेदकाला प्रश्न विचारायची सोय त्या गर्दीत राहत नाही.

निघण्यापूर्वीचा गृहपाठ

हा अर्ध्या तासाचा आहे, पण टाळू नका. शंभर नावं डोक्यात कोंबण्यापेक्षा एकच आकृती निवडा. उत्तर गोलार्धात राहत असाल तर ऋतूनुसार निवड सोपी आहे. डिसेंबर ते मार्च मृग नक्षत्र: मधले एका रेषेतले तीन तारे, भोवती चौकट करणारे चार. त्या तिघांची रेषा एका बाजूला वाढवली की आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध सापडतो, आणि दुसऱ्या बाजूला वाढवली की लालसर रोहिणी आणि तिच्यापुढे कृत्तिकांचा झुबका. एप्रिल-मेमध्ये सप्तर्षी: त्यांच्या शेपटीचा बाक तसाच पुढे नेला की स्वाती लागते, आणखी पुढे चित्रा. जुलै ते ऑक्टोबर अभिजित, श्रवण आणि हंस यांचा मोठा त्रिकोण.

निवडलेली आकृती कागदावर एकदा स्वतः काढा. चांगली आली नाही तरी चालेल. काढताना कोणता तारा कुठे हे हाताला कळतं आणि आत घुमटावर हजारो ठिपके उमटले की नजर आपोआप ती आकृती शोधू लागते.

नकाशा पाहताना एक गंमत ध्यानात ठेवा. जमिनीच्या नकाशात उत्तर वर धरली की पूर्व उजवीकडे येते, पण आकाशाच्या नकाशात ती डावीकडे छापलेली असते. ती छपाईची चूक नव्हे. तो नकाशा डोक्यावर उलटा धरून पाहायचा असतो, तसा धरला की दिशा बरोबर जुळतात.

पोहोचल्यावर

खेळाच्या किमान अर्धा तास आधी पोहोचा. दार बंद झाल्यावर बहुतेक ठिकाणी आत सोडत नाहीत. ती अडेलतट्टू शिस्त वाटते खरी, पण उघड्या दारातून आलेल्या उजेडाच्या एका पट्ट्याने दीडशे माणसांचे अंधाराला सरावलेले डोळे बिघडतात. स्वच्छतागृहात आधीच जाऊन या. मध्येच उठलात तर परत येता येईलच असं नाही.

उरलेल्या वेळात प्रदर्शन पाहा, पण एक युक्ती करून. छतापासून लांब तारेला टांगलेला जड गोळा, म्हणजे फुकोचा लंबक, असेल तर तो कोणत्या खुणेवर झुलतोय ते आत जाण्यापूर्वी नोंदवून ठेवा आणि खेळ संपल्यावर पुन्हा पाहा. झुलण्याची दिशा सरकलेली दिसेल. 1851 साली लेऑं फुकोने पॅरिसमध्ये जाहीरपणे हेच दाखवलं होतं: आपल्या पायाखालची पृथ्वी फिरते आहे. ध्रुवावर हा लंबक दिवसभरात पूर्ण फेरी मारल्यासारखा दिसतो, 30 अंश अक्षांशावर त्याला दोन दिवस लागतात आणि विषुववृत्तावर त्याची दिशा सरकतच नाही. म्हणजे 30 अंशांवर तासाभरात साडेसात अंश. पाच मिनिटं उभं राहून काही कळत नाही, म्हणून लोक कंटाळून पुढे जातात.

उल्कापाषाण हातात घेऊ देत असतील तर जरूर घ्या. लोखंडी उल्का साध्या दगडाच्या जवळजवळ तिप्पट जड लागते. मनगटाला बसलेला तो धक्का पाटीवरच्या मजकुराहून जास्त काळ लक्षात राहतो. "मंगळावर तुमचं वजन किती" वाले काटे मात्र एकदा उभं राहून सोडून द्यायचे.

खुर्ची कुठली धरायची

इथे लोक सर्वांत जास्त चुकतात. सिनेमाच्या सवयीने कुणी शेवटची रांग धरतो, तर उत्साही मंडळी पहिली. मी एकदा धावत जाऊन पहिल्या रांगेत बसलो आणि पुढचे दोन दिवस मान धरून फिरलो.

आत शिरल्याबरोबर खुर्च्यांची मांडणी पाहा. घुमट तिरका असेल आणि सगळ्या खुर्च्या एकाच दिशेला तोंड करून पायरीपायरीने चढत गेल्या असतील, तर मधल्या भागात, मध्यापासून थोडं मागे बसा. पुढच्या रांगेत बसलेल्याला वरची चित्रं ताणलेली दिसतात, कारण ती घुमटाच्या मध्यातून पाहायची म्हणून तयार केलेली असतात. त्या मध्याच्या जितके जवळ बसाल तितकं आकाश खरं वाटतं.

घुमट सरळ असेल आणि खुर्च्या वर्तुळात असतील तर गणित बदलतं. मध्यभागी प्रक्षेपक असल्यामुळे अगदी आतल्या रांगेतल्यांना समोर यंत्राची पाठ दिसते. बाहेरच्या रांगांत बसा आणि कोणत्या दिशेला तोंड येतंय ते तपासा. क्षितिजरेषेवर बहुधा दिशांची अक्षरं असतात. उत्तर गोलार्धात सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशात सर्वांत उंच असताना बहुतेक वेळ दक्षिणेकडे असतात, त्यामुळे निवेदन बरंचसं तिकडेच चालतं. म्हणून उत्तरेकडच्या खुर्चीवर दक्षिणेला तोंड करून बसलं तर कमी वळावं लागतं. दारावरच्या माणसाला "मुख्य दिशा कुठली?" असं विचारलं तर तो आनंदाने सांगतो. त्याला हा प्रश्न कुणी विचारत नाही.

अंधाराची तयारी

डोळ्यांना अंधाराची पूर्ण सवय व्हायला वीस ते तीस मिनिटं लागतात. बाहुली काही सेकंदांत मोठी होते, पण खरा बदल डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या दंडपेशींत, म्हणजे अंधुक उजेड टिपणाऱ्या पेशींत होतो. त्यांतलं रंगद्रव्य उजेडात विरतं आणि अंधारात हळूहळू पुन्हा तयार होतं. मोबाइलच्या पडद्यावर एक नजर टाकली की सगळं पहिल्यापासून. म्हणून आत शिरण्यापूर्वीच फोन बंद करा, नुसता मूक नको. मनगटावरचं घड्याळ हात हलवल्याबरोबर उजळत असेल तर ते खिशात. लहान मुलांचे चालताना लुकलुकणारे बूट घरीच ठेवा, हे मी कळकळीने सांगतो आहे. शेजारच्या मुलाने पाय हलवला की आख्खी आकाशगंगा गायब होते.

अंधुक तारा नीट दिसत नसेल तर त्याच्याकडे रोखून पाहू नका, किंचित बाजूला पाहा. नजरेच्या अगदी मध्यावर दंडपेशी नसतात, त्या बाजूला दाट असतात. ही युक्ती आत शिकून घेतली की बाहेर कृत्तिका मोजताना उपयोगी पडते.

मधलं ते यंत्र

खेळ सुरू होण्यापूर्वी दिवे असतानाच यंत्र पाहून घ्या. मध्यभागी दोन गोल जोडलेलं, डंबेलसारखं किंवा महाकाय मुंगीसारखं काही असेल तर तो प्रकाशीय प्रक्षेपक. एका गोलातून उत्तरेचे तारे, दुसऱ्यातून दक्षिणेचे. आतल्या दिव्याचा प्रकाश बारीक छिद्रांतून आणि भिंगांतून घुमटावर पडतो. मध्ये काहीच नसेल, आणि कडेने किंवा एखाद्या छोट्या खोक्यातून प्रकाश येत असेल तर तारांगण संगणकीय आहे. कुठे कुठे दोन्ही असतात.

हे यंत्र कसं सुचलं त्याची गोष्ट छोटी आहे. त्याआधी लोक भोकं पाडलेल्या मोठ्या पोकळ गोलात जाऊन बसत. शिकागोत 1913 साली बांधलेल्या सुमारे पंधरा फुटी गोलाला 692 भोकं होती, आणि तो अख्खा गोल फिरायचा. जर्मनीतल्या म्यूनिकच्या डॉइचेस म्युझियम या विज्ञान-संग्रहालयाचे संस्थापक ऑस्कर फॉन मिलर यांना असं काहीतरी मोठं हवं होतं. भिंगं बनवणाऱ्या त्साइस कंपनीच्या वाल्टर बावर्सफेल्ड यांनी 1919 मध्ये विचारच उलटा केला: गोल स्थिर ठेवायचा आणि आत प्रकाश फिरवायचा. 21 ऑक्टोबर 1923 रोजी म्यूनिकमध्ये हा प्रक्षेपक पहिल्यांदा दाखवला गेला. त्यात सुमारे साडेचार हजार तारे होते आणि आकाश फक्त म्यूनिकच्या अक्षांशावरचं दिसायचं. डंबेलचा आकार त्यानंतर, दोन्ही गोलार्धांचं आकाश दाखवायच्या गरजेतून आला. संगणकीय तारांगण 1983 मध्ये अमेरिकेतल्या रिचमंडला सुरू झालं.

याचा तुमच्याशी संबंध एवढाच की प्रकाशीय यंत्राचे तारे सुईच्या टोकासारखे आणि त्यांमागचं आकाश खरोखर काळं असतं. संगणकीय तारांगणात काळा रंग थोडा राखाडी राहतो, पण ते तुम्हाला शनीच्या कड्यांमधून नेऊन आणू शकतं. तारे शिकायचे तर मला पहिलं जास्त आवडतं. घुमटाला सहसा धातूचे, बारीक भोकांचे पत्रे लावलेले असतात. आवाज त्यांच्या मागच्या कर्ण्यांतून येतो, म्हणून तो आकाशातून आल्यासारखा वाटतो.

खेळ चालू असताना काय धरून ठेवायचं

सगळं लक्षात ठेवायचा प्रयत्न सोडा. चार गोष्टी तारांगणात जशा दिसतात तशा बाहेर एका रात्रीत दिसू शकत नाहीत, त्या मात्र चुकवू नका.

पहिली, ध्रुव. निवेदक रात्र वेगाने फिरवेल तेव्हा सगळे तारे एका बिंदूभोवती फेर धरतात. ध्रुव त्या बिंदूच्या अगदी जवळ असतो. तो क्षितिजापासून किती उंच आहे ते पाहा, कारण ती उंची म्हणजेच त्या ठिकाणचा अक्षांश. निवेदक उत्तर ध्रुवावर नेऊन दाखवत असेल तर ध्रुवतारा थेट डोक्यावर येतो आणि एकही तारा मावळत नाही. विषुववृत्तावर नेलं की ध्रुव क्षितिजाला टेकतो. पुस्तकात पानभर लिहिलेलं हे प्रकरण घुमटाखाली अर्ध्या मिनिटात संपतं.

दुसरी, आयनिकवृत्त. सूर्य, चंद्र आणि ग्रह आकाशभर भटकत नाहीत, एका पट्ट्यातून जातात. तो पट्टा रेषेने दाखवला की त्याच्यालगत दिसणारा, न लुकलुकणारा तेजस्वी ठिपका ग्रह असण्याची शक्यता मोठी. आणि इथेच एक गंमत विचारून घ्या: सूर्य साधारण 30 नोव्हेंबर ते 17 डिसेंबर या काळात बारा राशींपैकी कुठल्याच तारकासमूहात नसतो, तो भुजंगधारीत असतो.

तिसरी, वक्री मंगळ. साधारण 26 महिन्यांनी पृथ्वी आतल्या मार्गाने मंगळाला ओलांडून पुढे जाते, आणि त्या दोन-अडीच महिन्यांत मंगळ ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर मागे सरकताना दिसतो. तारांगणात ते महिने काही सेकंदांत सरकतात आणि मंगळ घुमटावर गाठ घालतो. जुन्या खगोलज्ञांना या गाठीने शतकानुशतकं छळलं.

चौथी, परांचन. पृथ्वीचा अक्ष भोवऱ्यासारखा डुलत सुमारे 26,000 वर्षांत एक फेरी पुरी करतो. निवेदकाला वेळ असेल तर "बारा हजार वर्षं पुढे न्या" असं सांगून पाहा. तारे ज्याभोवती फेर धरतात त्या बिंदूजवळची ध्रुवाची जागा अभिजितने घेतलेली दिसेल.

मध्येच पोटात ढवळलं किंवा खुर्चीच फिरतेय असं वाटलं तर घाबरू नका. डोळे सांगतात आपण हलतोय, कानातला तोल सांगतो नाही, आणि मेंदू गोंधळतो. डोळे मिटा, दोन खोल श्वास घ्या, नाहीतर बाहेर जायच्या दाराच्या दिव्याकडे पाहा. गाडी लागणाऱ्यांनी फिल्मऐवजी निवेदनाचाच खेळ निवडावा. झगमगत्या प्रकाशाने फिट येणाऱ्यांनी तिकीट काढण्यापूर्वीच विचारून घ्यावं.

बरोबर मुलं असतील तर

किती वर्षांखालच्या मुलांना आत सोडत नाहीत हे प्रत्येक तारांगणाचं वेगळं असतं, ते आधी विचारा. सोडत असले तरी चार-पाच वर्षांखालच्या मुलाला पाऊण तास अंधारात बसवणं ही त्याला आणि शेजाऱ्यांना दोघांनाही शिक्षा आहे. तरी नेणारच असाल तर त्याआधी दोन-तीन रात्री घरात दिवे मालवून दहा मिनिटं बसायचा खेळ खेळा. अंधार ओळखीचा झाला की रडणं निम्म्यावर येतं. तरी रडलंच तर चटकन बाहेर पडता यावं म्हणून दाराजवळची कडेची खुर्ची धरा. मधल्या जागेचा मोह तेवढ्या दिवसापुरता सोडायचा.

मोठ्या मुलांना आत जाताना एक कामगिरी द्या: "लाल तारे किती दिसले ते मोजून सांग." रोहिणी, काक्षी, ज्येष्ठा असे दोन-तीन सापडले की ती पुढे स्वतःच शोधत बसतात.

निवेदकाला विचारायचे प्रश्न

खेळ संपला, दिवे लागले की सगळे दाराकडे धावतात. तुम्ही जागेवर बसून राहा. निवेदक मोकळा असतो आणि नेमका प्रश्न आला की खुलतो. "विश्व कुठे संपतं?" हा प्रश्न त्याने हजार वेळा ऐकला आहे. त्याऐवजी विचारा: या आठवड्यात संध्याकाळी कोणते ग्रह दिसतील आणि किती वाजता मावळतील? शहराच्या उजेडात तुम्ही दाखवलेल्यांपैकी नक्की काय दिसेल? जवळपास काळोखी जागा कुठे आहे? आकाशदर्शनाचे कार्यक्रम कधी असतात? उत्तरं लगेच कागदावर टिपा, घरी पोहोचेपर्यंत विसरतात.

आणि मग गच्ची

अगदी काळोख्या जागेवरून एका वेळी दोन-अडीच हजार तारे नुसत्या डोळ्यांनी दिसतात. शहरातून कधी कधी पन्नासही नाही. घुमटाखालून आलेल्या माणसाचा इथे हिरमोड होतो, पण शिकताना कमी तारे असणं सोयीचं. गर्दी हटलेली असते आणि ठळक आकृत्या तेवढ्या उरतात.

रस्त्याचा दिवा पाठीशी घ्या आणि वीस मिनिटं फोन न पाहता थांबा. टॉर्च लागलाच तर त्यावर लाल कागद बांधा, तांबड्या उजेडाने डोळे फारसे बिघडत नाहीत. अंतर मोजायला हात लांब करून मूठ धरा. मुठीची रुंदी म्हणजे सुमारे 10 अंश. सप्तर्षी दिसत असतील तर चौकटीतल्या पुलह आणि क्रतू या टोकाच्या दोन ताऱ्यांमधलं अंतर पाचदा पुढे न्या, म्हणजे क्रतूपासून जवळजवळ तीन मुठी. तिथे मध्यम तेजाचा, आजूबाजूला कुणी नसलेला एकटा तारा असेल, तो ध्रुव. त्याची क्षितिजापासूनची उंची मुठींनी मोजा आणि आपल्या गावाच्या अक्षांशाशी ताडून पाहा. मला पहिल्यांदा तीन अंशांची चूक आली होती आणि तरीही मी खालच्या मजल्यावरच्यांना उठवून सांगितलं होतं.

तासाने पुन्हा वर जा. आकाश तासाला 15 अंश, म्हणजे दीड मूठ सरकतं. रोज तेच तारे चार मिनिटं आधी उगवतात, म्हणजे महिन्याने दोन तास आधी. त्यामुळे आज रात्री दहाला जी आकृती डोक्यावर आहे ती महिन्याने आठलाच तिथे असेल. तीन महिन्यांनी पुन्हा तारांगणात जा. तोवर संध्याकाळचं आकाश जवळजवळ नवीन झालेलं असेल, आणि तेव्हा पुढची आकृती.